मुलाखती घेऊ की सर्वेक्षण करू? संशोधन पद्धतीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एम.एड. आणि पीएच.डी. करणाऱ्यांची आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण इतर अनेक पत्रांची निम्मी उत्तरं त्यातच येतात.

'ऊसतोड कामगारांच्या मुलींचं शिक्षण' हा माझा पीएच.डी.चा विषय आहे. बीड जिल्ह्यातले दोन तालुके घेतले आहेत. मार्गदर्शक म्हणतात, संमिश्र पद्धत घे (आकडे आणि मुलाखती दोन्ही), हल्ली तीच चालते. आरआरसीत (संशोधनाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठ समितीत) एक तज्ज्ञ म्हणाले, विषय सामाजिक आहे, गुणात्मकच हवं (म्हणजे मुलाखती वगैरे). कुणाचं ऐकू?
— संशोधक विद्यार्थिनी, बीड

दोघांनीही विषय पाहून सल्ला दिला आहे, आणि पद्धत ठरते ती प्रश्नावरून. तुम्ही लिहिलंय तो अजून प्रश्न झालेला नाही, नुसता मथळा आहे. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) बाजूला ठेवा आणि निष्कर्षाच्या प्रकरणात छापायला आवडेल असा एक रिकामा तक्ता आखून बघा. आडव्या ओळींत 'आईवडिलांबरोबर गेलेल्या' आणि 'गावी राहिलेल्या', उभ्या रकान्यांत 'आठवीनंतर शाळेत' आणि 'शाळा सुटली'. असा तक्ता सहज आखता आला तर तो प्रश्न संख्यात्मक. रकान्यांना नावं काय द्यायची हेच सुचत नसेल, तर आधी लोकांकडे जाऊन ऐकावं लागेल, म्हणजे तो गुणात्मक.

तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे प्रश्न दिसतात. किती मुलींची शाळा सुटते, आणि गावी आजी असण्याशी, धाकट्या भावंडांशी, मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) आगाऊ घेतलेल्या उचलीशी त्याचा संबंध आहे का, हे मोजता येतं. मुलीला बरोबर न्यायचं की मागे ठेवायचं, हे घरात कोण आणि कशावरून ठरवतं, ते मोजून कळत नाही. तेव्हा संमिश्र पद्धत घ्या, पण 'चालते' म्हणून नको. आधी आकडे, मग त्यांचा उलगडा करणाऱ्या मुलाखती, असा क्रम ठेवा.

सर्वेक्षणात पहिली चूक वेळेची होते. कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात घरोघरी गेलात तर जे गेलेच नाहीत तेच भेटतील, आणि आकडे सोज्वळ निघतील. मे ते सप्टेंबर हा काळ धरा. दुसरी चूक नोंदींची. जनरल रजिस्टरात (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) नाव असणं वेगळं आणि मुलगी वर्गात असणं वेगळं. म्हणून पटसंख्येवर थांबू नका, नोव्हेंबर ते मार्चची महिनावार हजेरी उतरवून घ्या आणि घरी विचारून ताळा करा. प्रश्नावलीत 'स्थलांतर' हा शब्द नको. 'यंदा कारखान्याला गेला होता का' असं विचारलं की उत्तर लगेच येतं. २५-३० घरांत प्रश्नावली चालवून बघा. या घरांची उत्तरं अंतिम नमुन्यात (ज्या घरांवरून निष्कर्ष काढायचे त्यांत) मिसळू नका.

मुलाखतींसाठी माणसं निवडताना बहुतेक प्रबंध घसरतात. सर्वेक्षण एका गावात आणि मुलाखती ओळखीच्या दुसऱ्याच गावात, असं झालं की दोन अर्धे प्रबंध एका बाइंडिंगमध्ये येतात, इतकंच. तुमच्या तक्त्यातूनच माणसं निवडा. उचल सारखी, जमीन सारखी, भावंडं तितकीच, तरी एका घरातली मुलगी शाळेत आणि दुसऱ्या घरातली नाही, अशा जोड्या शोधा. अशा सहा ते आठ जोड्या पुरतात. प्रत्येक घरात आई आणि मुलगी यांच्याशी वेगवेगळं बोला. मुकादम जवळपास नको. उचल अंगावर असलेलं माणूस त्याच्यासमोर मोकळं बोलणार नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पालकांची लेखी संमती लागते, आणि तिचा स्वतःचा होकार वेगळा घ्यावा लागतो. नैतिकता समितीकडे या दोन्ही संमतीपत्रांचे मसुदे आधीच द्या.

वेळेचा हिशोबही आत्ताच करा. आठ जोड्या म्हणजे १६ घरं, प्रत्येक घरी दोघी, म्हणजे ३२ मुलाखती. सरासरी ४५ मिनिटं धरली तर २४ तासांचं ध्वनिमुद्रण होतं. एक तास उतरवायला चार ते सहा तास लागतात, बोली असेल तर जास्तच. नुसतं उतरवणंच १०० ते १५० तासांचं, कोडिंग (म्हणण्यातल्या मुद्द्यांना नावं देणं) त्यापुढे.

शेवटी एक संयुक्त तक्ता करा: डावीकडे आकडा, मध्ये मुलाखतीतलं म्हणणं, उजवीकडे 'जुळतं', 'भर घालतं' किंवा 'विरोधात जातं'. हा तक्ता करता आला नाही, तर पद्धती एकमेकींत मिसळलेल्याच नाहीत.

आमच्या विद्यापीठातल्या बऱ्याच प्रबंधांत नमुना ३८४ चा असतो. हा आकडा कुठून आला? मीही तोच घेऊ का?
— एम.कॉम., एम.फिल., नाशिक

१.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६, म्हणून खरं तर ३८५ घ्यायला हवेत. एका मोठ्या लोकसंख्येतलं एखादं प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीला पाच टक्के इकडेतिकडे अंदाजायचं असेल, आणि नमुना साधा यादृच्छिक (प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी देणारा) असेल, तेवढ्यापुरता हा आकडा खरा. अट मोडली की आकडा बदलतो.

एकूण माणसंच १००० असतील तर २७८ पुरतात. शाळांच्या गटांतून प्रत्येकी २० मुलं घेत असाल, तर एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, हा सारखेपणा मोजावा लागतो. तो (० ते १ च्या मापात) ०.०५ धरला तर १ + (१९ × ०.०५) = १.९५. म्हणजे ३८५ चे जवळपास ७५० झाले. दोन गटांची तुलना करायची असेल तर गणितच वेगळं. ५० आणि ६० टक्के यांतला फरक ८० टक्के सामर्थ्याने (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के ठेवून) पकडायला प्रत्येक गटात सुमारे ३९० माणसं लागतात. सरासऱ्यांमधला अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्या मापाच्या निम्मा) फरक मात्र प्रत्येकी ६४ मध्ये सापडतो. शिवाय १० टक्के लोक उत्तर देणार नाहीत असं वाटत असेल तर आलेल्या आकड्याला ०.९ ने भागा. दहा टक्के मिळवू नका.

आणि फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ३८४ गोळा केले असतील तर सूत्राचा उल्लेखही करू नका. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वाचकांचा कौल घ्यायला सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं भाकीत केलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. नावं बरीचशी टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधली होती, आणि उत्तर पाठवणारेही सगळ्यांसारखे नव्हते.

गुगल फॉर्मच्या शेवटी 'आपल्या सूचना लिहा' असा मोकळा प्रश्न ठेवला आहे. माझं संशोधन संमिश्र म्हणता येईल ना?
— बी.एड. महाविद्यालयातील शिक्षक, लातूर

नाही. ते मोकळा प्रश्न असलेलं सर्वेक्षण आहे. 'चांगला उपक्रम', 'धन्यवाद सर' या उत्तरांचं आशय-विश्लेषण करायला घेऊ नका.

मी १५ परिचारिकांच्या सखोल मुलाखती घेतल्या. परीक्षक म्हणाले, नमुना फार लहान. उत्तर काय देऊ?
— सोलापूर

नमुना लहान म्हणणाऱ्याला संपृक्तता दाखवा, म्हणजे पुढच्या मुलाखतींत नवं काही निघेनासं झालं हे. प्रत्येक मुलाखतीत नवे संकेत (कोड, म्हणजे मुद्द्यांना दिलेली नावं) किती निघाले ते ओळीने लिहा: पहिलीत २२, दुसरीत ११, असं उतरत जाईल. सलग तीन मुलाखतींत शून्य किंवा किरकोळ एखादाच आला असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. २००६ मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक संकेत पहिल्या १२ मध्येच आले होते. मात्र त्या सगळ्या स्त्रिया बऱ्याचशा एकसारख्या गटातल्या होत्या. तुमच्या १५ मध्ये अतिदक्षता विभाग, प्रसूती विभाग आणि ग्रामीण उपकेंद्र अशा तिन्ही ठिकाणच्या पाच-पाच असतील, तर परीक्षकांचं म्हणणं अगदी चूक नाही. प्रत्येक गटासाठी आणखी चार-पाच घ्या.

एक मात्र आजच दुरुस्त करा. '६० टक्के परिचारिकांना असं वाटतं' हे वाक्य प्रबंधात असेल तर काढा. नऊ जणींचं म्हणणं नऊ जणींचंच राहू द्या. टक्केवारी लिहून परीक्षकाच्या हाती तुम्हीच काठी देता.

सर्वेक्षणात लोक समाधानी दिसतात, मुलाखतीत तक्रारी करतात. कोणता निष्कर्ष लिहू?
— समाजकार्य विद्यार्थी, कोल्हापूर

दोन्ही लिहा, आणि विरोध कुठून आला ते शोधा. प्रश्न कुणाला विचारला, कुटुंबाला की व्यक्तीला? सर्वेक्षक कुणाचा माणूस वाटत होता? योजना राबवणाऱ्या कार्यालयाच्या गाडीतून उतरलात, तर 'समाधानी' हेच उत्तर मिळेल.

उत्तर भारतातल्या पाच राज्यांत २०१३-१४ मध्ये ग्रामीण शौचालयांविषयी ३,२३५ घरांचं सर्वेक्षण झालं. त्यात व्यक्तीनिहाय विचारल्यावर दिसलं, की वापरात असलेलं शौचालय ज्या घरांत आहे, त्यांतल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत कुणी ना कुणी उघड्यावर जातंच. केवळ 'घरात शौचालय आहे का' एवढंच विचारलं असतं तर हे झाकून गेलं असतं. का जातात, ते दीर्घ मुलाखतींत कळलं: खड्डा भरला की उपसणार कोण, ही धास्ती, आणि त्यामागचा जातीचा विटाळ. आकडा आणि मुलाखत इथे भांडली नाहीत, कारण आकड्याचा प्रश्न नेमका होता. तुमचा 'समाधानी आहात का' हा प्रश्न आधी तोडून बघा: गेल्या महिन्यात किती वेळा गेलात, काम झालं का, पैसे द्यावे लागले का. बऱ्याचदा तक्रार तिथेच आकड्यात उतरते.