आधी वर्षभर फी भरून बघा, मग प्रवेश घ्या

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणारं जोडपं, दोघं कमावते, हातात येणारा पगार मिळून महिना १ लाख ६० हजार. मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाच. मुलीला डोंगरातल्या एका निवासी शाळेत घालायचं आहे. तिथे दहावीपर्यंत क्रमांक नाहीत, शेती आणि सुतारकाम अभ्यासाचाच भाग आहे, एका वर्गात वीस मुलं. प्रवेश सहावीत किंवा सातवीत. फी राहण्या-जेवणासकट वर्षाला ४ लाख ८० हजार, अनामत १ लाख. म्युच्युअल फंडात २२ लाख आहेत. एसआयपी (फंडात दरमहा टाकायची ठरावीक रक्कम) थांबवून दरवर्षी फंडातून फी भरावी का, की शैक्षणिक कर्ज घ्यावं, असं मुलीच्या आईने विचारलं आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शाळा बघून आल्यावर मुलगी गाडीत गप्प होती आणि घरी आल्यावर "मी तिथे राहू शकते" एवढंच म्हणाली, ही ओळ मनात राहिली. तिला पाठवावं, असं मलाही वाटतं. पण तुम्ही सांगता त्या पैशांतून नाही, आणि या जूनमध्ये नाही.

तुम्ही पहिल्या वर्षाची फी परवडते का ते पाहिलंत. अशा शाळेचा हिशेब शेवटच्या वर्षापासून उलटा करावा लागतो. फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते असं धरू. ऋषी व्हॅली किंवा राजगुरुनगरकडची सह्याद्री यांसारखी नावाजलेली निवासी शाळा असो की तुमची छोटी शाळा, वर्ग लहान आणि शिक्षक आवारातच राहणारे, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा पगारांचा. तो कमी होत नाही. सहावीला ४ लाख ८० हजार असलेली फी दहावीला साडेसहा लाखांवर जाते. पाच वर्षांचे २८ लाख, बारावीपर्यंत ठेवलं तर जवळजवळ ४३ लाख.

यात सर्वांत महाग पडते ती अर्ध्यावर सोडलेली शाळा. क्रमांक नसलेल्या वर्गात तीन वर्षं रमलेल्या मुलीला पैसे संपले म्हणून नववीत शहरातल्या साठ जणांच्या वर्गात आणून बसवणं तिला फार जड जाईल. म्हणून माझी अट एकच आहे: दहावीपर्यंतची फी मासिक मिळकतीतून निघत असेल तरच पाठवा.

निघते का, ते बघू. घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि मुलीची सध्याची शाळा (महिना साडेसात हजार) धरून एक लाख जातात. उरतात ६० हजार. त्यातून तुम्ही ३० हजार एसआयपी आणि साडेबारा हजार पीपीएफमध्ये टाकता, बाकीचे कुठे जातात ते तुम्हालाही नीट सांगता आलेलं नाही.

म्हणून या वर्षी प्रवेश घेऊ नका, सातवीत घ्या. आणि येत्या महिन्यापासून फी भरायला सुरुवात करा, फक्त शाळेऐवजी स्वतःच्या आवर्ती ठेवीत. महिना ४० हजार. एसआयपी १५ हजारांवर आणा, पीपीएफमध्ये या वर्षी थोडंच टाका, पण दोन्ही बंद पाडू नका. बारा महिने हे ओढाताण न होता जमलं, तर घराला ही फी पेलते याचा पुरावा मिळेल आणि ४ लाख ८० हजारांची गंगाजळी हाताशी असेल. नोकरी गेली, कोणी आजारी पडलं, तरी मुलीची शाळा एक वर्ष सुटणार नाही. सहाव्या महिन्यातच ठेव मोडावी लागली, तर तेही मुलीला तिथे पाठवण्याआधी कळलेलं बरं. सातवी ते दहावी एकूण साडेतेवीस लाखांच्या आसपास लागतील. पहिल्या वर्षी फी महिन्याला ४३ हजार पडेल, पण सध्याच्या शाळेचे साडेसात वाचतील. दहावीच्या वर्षी ती ५४ हजारांपर्यंत जाईल. पगार अजिबात वाढले नाहीत तरी तेव्हा तेराएक हजार उरतात. फार नाहीत, पण घर कर्जात जात नाही.

फंडातल्या २२ लाखांना हात लावू नका. ते दहा वर्षं राहिले आणि १० टक्क्यांनी वाढले, तर ५७ लाख होतील. मुलीचं पदवीचं शिक्षण आणि तुमच्या निवृत्तीचा पाया त्यातच आहे. कर्जाचं म्हणाल तर, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करातली वजावट बारावीनंतरच्या शिक्षणासाठी असते. शाळेच्या फीसाठी घेतलेल्या कर्जावर ती मिळत नाही, व्याजाचा भार मात्र पूर्ण पडतो. मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेच्या, म्हणजे सुकन्या खात्यातूनही शिक्षणासाठी रक्कम काढता येते ती मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर, त्यामुळे तो पर्यायही आत्ता नाही. कर वाचेल या आशेवरही राहू नका. जुन्या करप्रणालीत वजावटीच्या दीड लाखाच्या मर्यादेत फक्त शिकवणी शुल्क धरलं जातं, वसतिगृह, जेवण, देणगी नाही. नव्या प्रणालीत तेही नाही.

तुमच्या दोघांचा मुदत विमा ५० लाखांचा आहे. घरकर्ज त्यात फिटेल, फी नाही. तो दीड कोटीपर्यंत वाढवा, आणि हे प्रवेशाच्या आधी करा.

पत्रात एक गोष्ट अर्ध्या ओळीत उरकली आहे, "मुलाचं नंतर बघू." ते नंतर फार लांब नाही. मुलगी दहावीतून बाहेर पडेल तेव्हा तो पाचवी-सहावीच्या उंबरठ्यावर असेल, आणि तिच्या पदवीचा खर्च दोन वर्षांवर आलेला असेल. एकीला डोंगरातली शाळा दिली आणि दुसऱ्याला "आता जमत नाही" म्हटलं, तर ते तो विसरणार नाही. पण त्याच्यासाठी तुमच्या हातात एक वाट आहे, जी मुलीच्या वेळी निसटली. मुलांच्या कलाने शिकवायला वसतिगृह लागतंच असं नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सुरू केलेलं सृजन आनंद आणि तुमच्याच पुण्यातलं अक्षरनंदन या घरून जाऊन शिकायच्या शाळा आहेत. मुलगा पाच वर्षांचा आहे, चौकशी याच महिन्यात करा.

निवासी शाळेत पुन्हा जाल तेव्हा मागच्या पाच वर्षांची फी दरवर्षी किती होती ते लेखी मागा. शाळा महाराष्ट्रात असल्याने शुल्क विनियमनाचा, म्हणजे फीवर नियंत्रण ठेवणारा २०११ चा कायदा आहे आणि त्यात फीला पालकांच्या समितीची मंजुरी लागते, म्हणून पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतल्या एखाद्या पालकाशी बोला. पहिल्या सत्रात मुलगी रुळली नाही आणि परत आणावं लागलं, तर किती फी परत मिळते, अनामत कधी मिळते, हेही विचारा. आणि दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची, ते मुलीसमोर विचारा, तिलाही ऐकू द्या.