वाचकांचे प्रश्न : युक्रेनी सासरची छायाचित्रे

प्रश्न : माझे सासर कॅनडातल्या एडमंटनचे. पतीचे युक्रेनी पूर्वज १९१४ पूर्वी गॅलिशियातून, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेन आणि आग्नेय पोलंडच्या प्रदेशातून, कॅनडात आले. या घराचा वारसा छायाचित्रांतून नोंदवण्याची माझी इच्छा आहे. जुन्या पेटीत उघड्या शवपेटीभोवती उभ्या असलेल्या कुटुंबाची चित्रे सापडली आणि कागदपत्रांत पूर्वजांची नोंद ‘ऑस्ट्रियन’ अशी आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : त्या पेटीपासूनच करावी. अंत्यविधीची चित्रे अशुभ मानून बाजूला ठेवू नयेत. प्रेअरी म्हणजे पश्चिम कॅनडाच्या गवताळ मैदानी प्रदेशातल्या युक्रेनी वस्त्यांत अशी चित्रे काढून घेण्याची रीत होती आणि ज्यांना समुद्र ओलांडून येणे शक्य नव्हते त्या मायदेशातल्या नातलगांना ती पाठवली जात. एरवी कधीच एकत्र न टिपलेली भावंडे, शेजारी आणि धर्मगुरू अशा एकाच चित्रात भेटतात. प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, कारण मागच्या बाजूला छायाचित्रकाराचा शिक्का किंवा गावाचे नाव असू शकते. मग छापील प्रत सासूबाईंसमोर ठेवून, त्यांच्या परवानगीने, त्या सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे.

‘ऑस्ट्रियन’ नोंदीचे कारण सरळ आहे : गॅलिशिया १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. त्यामुळेच पहिल्या महायुद्धात हे लोक शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले आणि १९१४ ते १९२० या काळात कॅनडाने स्थानबद्ध केलेल्या सुमारे साडेआठ हजार लोकांत युक्रेनी मोठ्या संख्येने होते. घरात याविषयी मौन असेल, तर आग्रह धरू नये.

आजच्या चित्रांसाठी नाताळची पूर्वसंध्या निवडावी. सजवलेल्या मेजापेक्षा दुपारची तयारी अधिक बोलकी असते, असे आम्हांला मनापासून वाटते : पिरोही (सारण भरून उकडलेल्या करंज्या) वळणारे तीन पिढ्यांचे हात, ‘कुत्या’ या मध-खसखशीच्या गोड पदार्थासाठी शिजणारा गहू, कोपऱ्यात उभी केली जाणारी धान्याची पेंढी, तिला दिदुख म्हणतात, आणि त्या रात्रीच्या जेवणातल्या बारा मांसविरहित पदार्थांवरून होणारा प्रेमळ वाद. फ्लॅश टाळावा, खिडकीतून तिरपा येणारा प्रकाश रुश्निकावरील (पारंपरिक कापडी पट्ट्यावरील) भरतकामाचा उठाव नीट दाखवतो. भरतकामाचे सदरे घालून ओळीने उभे केलेले एखादे चित्र पुरे.

२०२२ नंतर युद्धामुळे आलेले नातलग त्या मेजावर असतील, तर त्यांचे चित्र त्यांना विचारल्याखेरीज कोठेही प्रसिद्ध करू नये, कारण त्यांची माणसे अजून तिकडे असू शकतात.