‘कळ काढ’ म्हणजे भांडण की धीर?

विटा येथील एका वाचक भगिनींनी दोन प्रश्न विचारले आहेत. स्पर्धा परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसलेल्या भाच्याला त्यांनी फोनवर ‘योग आला की होईल, तोवर कळ काढ’ असे सांगितले. मुंबईत वाढलेल्या भाच्याने त्यावर ‘कोणाची कळ काढू, मामी?’ असे विचारले. धीर धरण्याच्या अर्थाने ‘कळ काढणे’ हा प्रयोग शुद्ध आहे का, आणि ‘योग’ म्हटल्याने प्रयत्न सोडून देण्याचा सल्ला दिल्यासारखे होते का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

प्रयोग निःसंशय शुद्ध आहे आणि भाच्याला ठाऊक असलेला अर्थही चुकीचा नाही. मराठीत ‘कळ’ एक नाही. पोटात येते ती कळ म्हणजे वेदना. कोणी कोणाची काढतो किंवा दोघांत लावून देतो ती कळ म्हणजे कुरापत, भांडण. (यंत्राची दाबायची कळ आणखी वेगळी, तिचा येथे संबंध नाही.) मामींची कळ पहिली, भाच्याची दुसरी. मात्र गोंधळाचे खरे कारण ‘कळ’पेक्षा ‘काढणे’ या क्रियापदात आहे. पाणी, खोडी किंवा जुने भांडण काढतो तेव्हा आत असलेले बाहेर आणतो. दिवस काढणे, उन्हाळा काढणे, रात्र जागून काढणे, खस्ता काढणे यांत मात्र बाहेर काही येत नाही. तेथे ‘काढणे’ म्हणजे त्यातून पार होणे. वेदनेची कळ काढायची ती या दुसऱ्या रीतीने. बोलताना अर्थ ओळखण्याची खूणही वाक्यातच असते. ‘त्याची कळ काढू नकोस’ असे षष्ठीचे रूप आले, की भांडण. ‘थोडी कळ काढ’, ‘एवढा महिना कळ काढ’ असे प्रमाण किंवा मुदत आली, की धीर.

‘धीर धर’ आणि ‘कळ काढ’ हे मात्र अगदी समानार्थी नाहीत. धीर दुसऱ्याला देता येतो, तो सुटतो, खचतो. कळ कोणी कोणाला देऊ शकत नाही, ज्याची त्यानेच काढायची असते. शिवाय कळ काढण्याला शेवट गृहीत धरलेला असतो. सातारा-सांगलीकडच्या ऊसवाल्या घरांत हे सहज दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये लागण केलेला आडसाली ऊस साधारण १६ ते १८ महिने रानात उभा असतो. तुरे आले, सोसायटीचा हप्ता दारात आला, की घरातले वडीलधारे माणूस म्हणते, ‘एवढी कळ काढली, आता तोड येईपर्यंत काढा.’ तोड म्हणजे कारखान्याकडून होणारी ऊसतोडणी. कशाची वाट पाहायची, हे त्या वाक्यात सांगितलेले असते.

आता ‘योग’. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पंचांगाच्या पाच अंगांपैकी हे एक असून विष्कंभापासून वैधृतीपर्यंत असे २७ योग मोजतात. पण बोलण्यातला योग पंचांग न उघडताच येतो. तो येतो, असतो, जुळतो. ‘मी योग केला’ असे या अर्थाने कोणी म्हणत नाही. कर्तेपण माणसाकडे नाही, ते देवाकडे किंवा काळाकडे आहे, हे व्याकरणच सांगून टाकते. म्हणूनच लोणंद-फलटणच्या वाटेने पालखी जाऊनही ज्याला चालता आले नाही, तो ‘यंदा वारीचा योग नव्हता’ म्हणतो, आणि तेवढ्याने ना त्याच्यावर ठपका येतो, ना देवावर रुसवा राहतो. मुलीचे लग्न, मूल होणे, तुटलेल्या भावाची भेट यांनाही हाच शब्द लागतो. पण रखडलेल्या तोडीला शेतकरी ‘योग नव्हता’ म्हणत घरी बसत नाही. तो कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन पाळीपत्रक, म्हणजे तोडीच्या क्रमाची यादी, दाखवा म्हणतो. देवाच्या हातातले काय आणि कारखान्याच्या हातातले काय, याची वाटणी लोकांना पक्की ठाऊक असते, असे माझे मत आहे. हात-पाय न हलवणाऱ्यासाठी भाषेने ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण निराळी राखली आहे, आणि ती नेहमी टोमणा म्हणूनच वापरली जाते.

त्यामुळे मामींच्या वाक्यात निष्क्रियतेचा उपदेश दिसत नाही. ‘योग आला की’ या भागाचा कर्ता योग आहे, ‘कळ काढ’ या आज्ञेचा कर्ता भाचा. मधले ‘तोवर’ दोघांची कामे वेगळी करते. निकाल लावणे भाच्याच्या हाती नाही, पण पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू ठेवणे हा कळ काढण्याचाच भाग ठरतो. पत्रात किंवा निरोपात हेच लिहायचे असेल, तर ‘तोवर थोडी कळ काढ’ असे लिहावे. ‘थोडी’ आल्यावर भांडणाचा अर्थ निघणार नाही.