मुलगा १३ वर्षांचा, रेशीमबाग मैदानावर रोज धावतो, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. खेळ बंद करावा का?

बंद नको, कमी करा. वाटीच्या खाली नडगीवर जो उंचवटा लागतो, तिथेच दाबून दुखत असेल तर बहुतेक ऑस्गुड-श्लॅटर, म्हणजे वाढत्या वयातल्या मुलांना होणारा गुडघ्याचा त्रास असावा. या वयात उंची झपाट्याने वाढते आणि नडगीचा तो भाग अजून कूर्चेचा, कच्चा असतो. मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक उडीला, प्रत्येक स्प्रिंटला नेमकी तिथेच ओढ देतो. ‘वाढीचं दुखणं आहे, सहन कर’ म्हणणाऱ्यांचं कृपया ऐकू नका.

उड्या, उठाबशा, स्प्रिंट काही आठवडे थांबवा. सायकल, पोहणं चालेल. सरावानंतरचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं नाही, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. शाळा, क्लब, अकादमी असे तीन प्रशिक्षक असतील तर एकूण सरावाचा हिशोब कुणीच ठेवत नाही. तो तुम्ही वहीत ठेवा, खरंच.

लंगडत असेल, रात्री दुखून जाग येत असेल किंवा ताप असेल तर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. खुबाही तपासायला सांगा. या वयात खुब्याचा आजार कधीकधी गुडघ्यातच दुखतो.