लिथियम सेल ऑनलाइन मागवावेत का? प्रश्न बॅटरीचा, पैसा मुदत ठेवीचा

संगमनेर तालुक्यातील एका शिक्षक वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरावर प्रधानमंत्री सूर्य घर योजनेतून बसवलेला ३ किलोवॉटचा ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) जोडलेला, सौर संच आहे आणि नेट मीटरिंग सुरू आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा तीन ते चार तास वीज जाते आणि वृद्ध आईंना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र) लागतो. त्यासाठी २८० अँपिअर-अवर क्षमतेचे १६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल ऑनलाइन मागवायचे (९६,००० रुपये), बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून धोका दिसताच पॅक बंद करणारे सर्किट), फ्यूज, केबल आणि पेटी घेऊन पॅक स्वतः जुळवायचा (२४,००० रुपये) आणि हायब्रिड (पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर बसवायचा (६०,००० रुपये) असा त्यांचा विचार आहे. हे १,८०,००० रुपये २,५०,००० रुपयांची मुदत ठेव मोडून उभे करायचे आहेत. गावातील विक्रेता ५.१२ किलोवॉट-अवरचा तयार पॅक पाच वर्षांच्या वॉरंटीसह १,१०,००० रुपयांना देतो, पण तेवढ्याच पैशांत जवळपास तिप्पट क्षमता मिळत असताना तो का घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

सर, तुमचा गुणाकार बरोबर आहे. ३.२ व्होल्टचे १६ सेल एकसर जोडले की ५१.२ व्होल्ट होतात आणि २८० अँपिअर-अवरने १४.३ किलोवॉट-अवर साठवण मिळते. पण बॅटरीमुळे वीजबिल आणखी कमी होईल ही तुमची अपेक्षा मात्र बाजूला ठेवावी लागेल. नेट मीटरिंगमध्ये दिवसा महावितरणकडे गेलेली जादा युनिट्स तुमच्या रात्रीच्या वापरातून वजा होतात, म्हणजे साठवणुकीचे काम ग्रिड आधीच करत आहे. तीच वीज बॅटरीत भरून परत काढली तर वाटेत थोडी वाया जाईल. पॅनेलसाठी मिळालेले ७८,००० रुपयांचे अनुदान बॅटरीला लागू नाही. त्यामुळे हा खर्च गुंतवणूक म्हणून मोजू नका. आईंच्या श्वासासाठी केलेली तरतूद म्हणून मोजा. तसा मोजला की तो योग्यच ठरतो, फक्त त्याचे निकष बदलतात.

आता गरज किती आहे ते पाहू. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो. दोन पंखे, काही एलईडी दिवे आणि राउटर धरले तरी एकूण भार ५०० वॉटच्या आसपास राहतो. चार तासांना २ युनिट्स, म्हणजे २ किलोवॉट-अवर, लागतील. ५.१२ चा पॅक, इन्व्हर्टरमधील घट आणि थोडी राखीव क्षमता वजा करूनही, आठ तास चालेल. वर्षात साधारण १३० वेळा वीज जाते असे धरले तर बॅटरीतून सुमारे २६० युनिट्स जातील, म्हणजे १४.३ च्या पॅकची वर्षाला जेमतेम १८ पूर्ण आवर्तने (भरून रिकामे होण्याच्या फेऱ्या) होतील आणि दहा वर्षांत १८०. जाहिरातीतील ६,००० आवर्तनांचे पैसे तुम्ही मोजाल आणि त्यातली बहुतेक कधीच वापरणार नाही, कारण सेल वापराविनाही वयाने आणि उष्णतेने क्षमता गमावतात. जिथे ग्रिडच पोहोचलेले नाही अशा शेतघराला मोठा पॅक रोज पूर्ण वापरता येतो, तिथे माझे उत्तर वेगळे असते.

ऑनलाइन सेलची स्वस्ताई कुठून येते हेही समजून घेतले पाहिजे. उत्पादकाच्या कसोटीत मागे राहिलेले किंवा वाहनांच्या पॅकमधून काढलेले सेल नवे आवरण चढवून ‘ए ग्रेड’ म्हणून विकले जातात. काहींवरचा क्यूआर कोड खरवडलेला असतो, काहींवर तो पुन्हा छापलेला असतो. व्होल्टमीटरने यातले काहीही कळत नाही. क्षमता तपासायची तर सेल पूर्ण भरून मोजून रिकामा करावा लागतो, आणि २८० अँपिअर-अवरचा सेल २० अँपिअरने रिकामा व्हायलाच १४ तास लागतात. एका उपकरणावर सोळा सेल एकामागून एक तपासायचे म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला, आणि माल परत करण्याची मुदत अनेकदा सात-दहा दिवसांची असते. सगळे एकत्र जोडून चाचणी घेतली तर सर्वांत कमजोर सेल कुठे थांबतो एवढेच कळते, कारण एकसर जोडणीत तोच पूर्ण पॅकची क्षमता ठरवतो. शिवाय लिथियम सेल वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल म्हणून गणले जातात, त्यामुळे परतीचे पार्सल स्वीकारायला कुरिअरवाले सहजासहजी तयार होत नाहीत.

विक्रेत्याने बिलाविना काही हजारांची सूट देऊ केली आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. ती घेऊ नका. लिथियम-आयन बॅटरीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि ही सूट बहुधा तिथूनच येत असावी, पण बिल नसेल तर खरेदीचा मुख्य पुरावाच हातात राहत नाही. बिल असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्हाला आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्क नाही, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही दाद मागता येते.

तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा पॅक जुळवण्याचे कौशल्य तुमच्याकडे असेल यात मला शंका नाही. फॉस्फेट रसायन इतर लिथियम प्रकारांपेक्षा सुरक्षितही आहे. तरीही एवढ्या मोठ्या सेलच्या टोकांवर पाना पडला तर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो, आणि रात्री दोन वाजता बीएमएस बंद पडला व तुम्ही बाहेरगावी असाल तर घरात तो सुरू करणारे कोणी नसेल. ज्या यंत्रावर आईंचा श्वास अवलंबून आहे, त्याच्यामागे न तपासलेले सेल नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. हौस पूर्ण करायची असेल तर चार छोट्या सेलचा १२.८ व्होल्टचा पॅक बनवा, पण त्यावर कॉन्सन्ट्रेटर लावू नका.

तेव्हा तयार पॅक घ्या. हायब्रिड इन्व्हर्टरचीही गरज मला दिसत नाही. वीज गेली की तुमचा ऑन-ग्रिड संच लाइनमनच्या सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो हे खरे, पण तो बदलायचा तर महावितरणकडे पुन्हा कागदपत्रे आली. त्यापेक्षा सौर संच आहे तसा ठेवून, लिथियमसाठी योग्य असा ४८ व्होल्टचा वेगळा घरगुती इन्व्हर्टर लावा आणि कॉन्सन्ट्रेटर, पंखे, दिवे एवढेच सर्किट त्यावर घ्या. बॅटरी ग्रिडवरून भरली तरी ती युनिट्स तुमच्या सौरविजेतून वजा होतीलच. हा इन्व्हर्टर २५,००० रुपयांत बसतो असे धरले तर एकूण खर्च १,३५,००० रुपये होतो.

मुदत ठेव मोडू नका. घरखर्च महिना ४०,००० रुपये आहे, म्हणजे ही ठेव तुमचा सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी आहे, आणि आजारी माणूस असलेल्या घरात तो ७०,००० वर आणणे मला मान्य नाही. बँकेकडून ठेवीवर कर्ज घ्या. त्याचा दर सामान्यतः ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. साडेआठ टक्के धरले तर वर्षभरात साधारण सहा-साडेसहा हजार रुपये व्याज जाईल, ठेवीवरचे व्याज सुरूच राहील, आणि तुम्ही महिन्याला जे १२,००० रुपये वाचवता त्यातून हप्ता फिटेल. ठेवीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळत असेल तर अचानक गरज पडल्यास आणखी सुमारे ७७,००० रुपयांची सोय उरते.

पैसे देण्यापूर्वी वॉरंटी विक्रेत्याची आहे की उत्पादकाची हे विचारून घ्या आणि पॅकचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या. पॅक पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता घरात हवेशीर जागी बसवा. घराचा विमा असल्यास कंपनीला लेखी कळवा. पॅक बसल्यावर पहिल्याच आठवड्यात, तुम्ही घरी असताना, मेन स्विच बंद करून कॉन्सन्ट्रेटर सलग चार तास बॅटरीवर चालवून पाहा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर घरात कायम ठेवा.