पहिलं अंडं उचलावं का?

प्रश्न : ताई, माझ्या ढाबळीत होमर (लांबून घरी परतणाऱ्या) कबुतरांच्या चार जोड्या आहेत. एका जोडीचं सलग दोन वेळा असं झालं, की पहिलं पिल्लू आधी निघालं, दुसरं दीड दिवसानं, आणि ते दुसरं चार दिवसांत मेलं. पहिलं अंडं काढून ठेवलं तर चालेल का? आणि अंडी फळली नाहीत तर लगेच फेकावीत का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, तासगाव

उत्तर : चालेल, आणि तुझ्या या जोडीचं तर काढच. मादी पहिलं अंडं सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास देत असेल, तर दुसरं बुधवारी दुपारी येतं. बहुतेक जोड्या मधल्या काळात अंड्यावर नुसत्या उभ्या राहतात. तुझी पहिल्या दिवसापासून घट्ट बसत असणार. मग थोरलं पिल्लू चोच वर करून सगळं ओढून घेतं आणि धाकटं उपाशी राहतं.

माझ्या वडिलांनी सुताराकडून सागवानाची अंडी घडवून घेतली होती. त्यातली सहा अजून माझ्याकडे आहेत, वापरून वापरून तुळतुळीत झालेली. पहिलं अंडं आलं की त्या जागी लाकडी ठेवायचं. खरं अंडं घरातल्या सगळ्यात गार खोलीत, वाटीभर ज्वारीत आडवं ठेव. सकाळ-संध्याकाळ कूस बदल. फ्रिजमध्ये मात्र नको. दुसरं अंडं आलं की दोन्ही खरी एकत्र ठेव आणि शिसपेन्सिलीनं तारीख लिही. तिथून साधारण अठराव्या दिवशी दोन्ही बरोबरच फुटतील.

हात घालताना तळवा खाली, अंड्यावर झाकणासारखा धर. मादी पंखाचा फटका मारते, तो आपल्या हातावर बसू दे, अंड्यावर नको.

आता न फळलेल्या अंड्यांचं. सहाव्या-सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे टॉर्च धर. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे काळा ठिपका दिसतो. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते फळलेलं नाही. तिसऱ्याच दिवशी बघून घाई करू नकोस. मी एकदा तशी दोन अंडी टाकली आणि फोडल्यावर आत शिरा धरलेल्या दिसल्या. तो परळ, म्हणजे घरट्याचं पसरट भांडं, मी आठवडाभर रिकामाच ठेवला होता.

रिकामी निघाली तरी लगेच फेकायची नाहीत. घरटं मोकळं झालं की आठ-दहा दिवसांत मादी पुन्हा अंडी घालते. कवचासाठी लागणारा चुना तिच्याच हाडांतून जातो. असं दोन-तीनदा झालं की मऊ कवचाची अंडी येतात, मादी खंगते. म्हणून लाकडी अंडी ठेवून त्या जोडीला पूर्ण अठरा दिवस बसू दे. ती तिची विश्रांतीच आहे. शिंपल्यांचा चुरा मात्र बारा महिने समोर असू दे, नुसत्या मक्यावर आणि बाजरीवर भागत नाही.

एखाद्या जोडीनं अंडी सोडली, तर ती दुसऱ्या जोडीखाली सरकव, पण तारखांत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नको. पिल्लाला पहिले दिवस नर-मादी दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूध भरवतात, आणि ते बैठक संपत आली की मगच तयार होतं. आठवडाभर बसलेल्या जोडीखाली पिल्लू निघालं तर त्याला भरवायला तिच्या गळ्यात काहीच नसेल.

अठराव्या दिवशी अंड्याला तडा दिसला, आतून टकटक ऐकू आली, तरी कवच सोलायला जाऊ नकोस. पिल्लाला बाहेर यायला कधी कधी अख्खा दिवस लागतो.