फ्रान्समध्ये मोटारींपासून दूर आठवडाभर सायकल चालवायला कनाल द्यू मिदी योग्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की दोघं पन्नाशीतले आहात, पुण्यात रोज वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवता आणि मे महिन्यात आठ दिवस हाताशी आहेत. मोटारी नकोत, चढ नकोत. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझहून समुद्राकडे जाणारा कनाल द्यू मिदी हा कालवा (म्हणजे त्याच्या काठची वाट) घ्यावा का, रोज किती अंतर धरावं, आणि सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, असे तुमचे प्रश्न आहेत.

पहिल्या खेपेला कनाल द्यू मिदी घेऊ नका. त्याच तुलूझमधून उलट्या बाजूला, बोर्दोच्या दिशेने जाणारा गारोन कालवा घ्या. हे मी गेली कित्येक वर्षं आमच्या सायकलवाल्यांना सांगतोय, आणि दरवेळी एकच उत्तर येतं: 'मिदी सपाट आहे, कालव्याच्या काठाला कसला आलाय चढ?' सपाट आहे हे खरंच. पण सपाट म्हणजे सोपा नव्हे. चाकाखाली काय आहे, हे कुणी विचारतच नाही.

कनाल द्यू मिदी 1666 ते 1681 या काळात पिएर-पॉल रिकेने बांधला. सुमारे 240 किलोमीटर लांब, 1996 पासून जागतिक वारसा. तुलूझपासूनचे पहिले साधारण 50 किलोमीटर डांबरी आहेत आणि छान आहेत. 189 मीटर उंचीवरचा नॉरूझचा माथा येण्याच्या सुमाराला डांबर संपतं आणि ओद जिल्हा सुरू झाला की काठ म्हणजे बोटी ओढणाऱ्या घोड्यांची जुनी वाट. काही तुकडे अलीकडे सुधारलेत, पण उरलेल्या बऱ्याच भागात मातीत एकच चाकोरी, दोन्हीकडे गवत, मधे मुळं आणि दगड. चाकोरी पाण्यापासून हातभर अंतरावर येते तेव्हा भरलेल्या बॅगांची सायकल सरळ ठेवणं हेच काम होऊन बसतं. पाऊस पडला की तिथली चिकणमाती टायर आणि मडगार्डच्या मधे थापली जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. मडगार्ड आणि टायरमधे निदान एक सेंटिमीटर फट हवी, नाहीतर दर अर्ध्या तासाला काडीने माती उकरत बसावं लागतं.

मुळांचा त्रास प्लातान झाडांमुळे होतो. ही आपल्या काश्मीरच्या चिनारांची भावंडं. कालव्याच्या काठाने अशी सुमारे 42 हजार झाडं होती आणि त्यांची सावली हेच मिदीचं वैभव होतं. 2006 मध्ये तिथे बुरशीचा एक रोग सापडला. तो खोडा-मुळांवरच्या जखमेतून शिरतो, पाण्यातून आणि बोटींच्या दोरांतून पसरतो, आणि त्यावर औषध नाही. रोगट झाड शेजारच्या झाडांसकट तोडून जाळावं लागतं. त्यामुळे लांबच लांब पट्टे आज उघडे पडलेत. नवी झाडं लावली आहेत, पण ती मोठी व्हायला वेळ लागणार. फोटोतली हिरवी कमान डोळ्यासमोर ठेवून जुलैत निघालेला माणूस भर दुपारी उन्हात कोरडा पडतो. तुम्ही मेमध्ये जाताय, ते बरं.

मिदीला जायचंच असेल तर टायर 37 ते 40 मिलिमीटरचे घ्या आणि हवा 45-50 पीएसआयच्या वर नेऊ नका. 25 मिलिमीटरच्या रोड टायरवर मुळांचे धक्के थेट मनगटात येतात. दिवसभराच्या थरथरीने कॅरियरचे बोल्ट सुटतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांना लॉकटाइट (बोल्ट ढिले होऊ न देणारा डिंक) लावा आणि रोज संध्याकाळी 4 मिलिमीटरच्या ॲलन कीने तपासा. दर सायकलीमागे सामान 12 किलोच्या आत ठेवा, कारण जास्त वजनात पहिला तुटतो तो मागच्या चाकाचा कॅसेटच्या (गिअरच्या चक्रांच्या) बाजूचा स्पोक. दक्षिणेकडच्या कोरड्या काठावर सराटेही भेटतात, तेच आपले, माळरानावरचे. टायर पंक्चररोधक पट्टीचा असू द्या. तिथे सायकल दुकानात सहज मिळते ती बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब. तुमची रिम जाड व्हॉल्व्हची असेल तर हिला छोटा ॲडॅप्टर-रिंग लागतो.

आता गारोन. हा कालवा तुलूझ ते कास्ते-ऑं-दॉर्त असा 193 किलोमीटर, 1856 मध्ये पुरा झाला. काठची वाट जवळजवळ सगळी डांबरी आणि मोटारींना बंद. सुरुवात बोर्दोहून करा, कारण वारा बहुधा पश्चिमेचा असतो आणि तो पाठीशी हवा. बोर्दो ते सोव्हतेर-द-गियेन हे सत्तावन्न-एक किलोमीटर जुन्या रेल्वेमार्गावरून, रोजे लापेबी नावाच्या वाटेने जातात. रुळांची जागा असल्याने चढ इतका हळू येतो की जाणवतो तो फक्त गिअर बदलताना. मग सोव्हतेर ते ला रेओल हा तुकडा द्राक्षमळ्यांतल्या साध्या गावरस्त्यांचा, थोडा उंचसखल. तुमच्या 'मोटारी नकोत' या अटीला बट्टा लागतो तो इथेच. रविवारी सकाळी पार केलात तर सहसा ट्रॅक्टरच भेटेल.

ला रेओलला नदी ओलांडली की फोंते गावात कालवा मिळतो, आणि तिथून तुलूझपर्यंत वाट चुकायची सोय नाही. ल मास-दाजने गावाच्या चर्चमध्ये रेम्ब्रांटचं क्रुसावरच्या येशूचं चित्र आहे, त्यासाठी कालव्यावरून गावात चढून जा. आजांला तर कालवाच 23 कमानींच्या, 539 मीटर लांब दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर कालवा, कालव्यात बोट आणि शेजारी तुमची सायकल. मोआसाकच्या अलीकडे-पलीकडे फळबागा, गावात जुना मठ, आणि गाव सोडल्यावर तार्न नदीवर असाच दुसरा पूल. पुढे मोंतेशला 2009 पर्यंत बोटी उतारावरून चढवणारं 1974 चं अजस्र यंत्र काठावर उभं आहे. मुळांचे उंचवटे इथल्या डांबरालाही आलेत, पण अधूनमधून. पुलांखाली वाट अरुंद होते आणि पलीकडचं दिसत नाही. घंटी वाजवा, उजवी बाजू सोडू नका.

मिदीपेक्षा गारोन मला तुमच्यासाठी बरा वाटतो याचं आणखी एक कारण आहे. बोर्दो-तुलूझ रेल्वेमार्ग बराच वेळ कालव्याच्या सोबतीने जातो. गुडघा दुखला, पाऊस लागला, तर मार्मांद, आजां, मोआसाक, मोंतोबां इथून गाडी पकडता येते. प्रादेशिक तेएर गाड्यांत सायकलीचे नियम प्रदेशागणिक वेगळे असतात आणि लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलीचं आरक्षण लागतं, तेवढं आधी पाहून ठेवा.

अंतराबद्दल आमच्या ब्रेव्हेवाल्या (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करणाऱ्या) मित्रांशी माझं कधीच जमलेलं नाही. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत करणाऱ्याला 40 किलोमीटर म्हणजे पोरखेळ वाटतो, आणि मग तो नवख्यांनाही रोजचे 90 आखून देतो. दोघांच्या बॅगा, प्रत्येक लॉकपाशी (बोटी वर-खाली नेणाऱ्या कालव्याच्या दरवाजांपाशी) छोटा चढ, रस्ता ओलांडण्यापाशी नागमोडी अडसर ज्यात कॅरियरच्या बाजूच्या बॅगा अडकतात, दर गावात थांबणं, हे सगळं धरलं तर सायकलीवरचा सरासरी वेग ताशी 13-14 च्या वर जात नाही. 40-45 धरा. बोर्दो ते तुलूझ सुमारे 270 किलोमीटर, म्हणजे सहा-सात दिवस, आणि एक दिवस राखीव. 90 आखणारा माणूस आजांचा पूलही न थांबता ओलांडतो. मग तिकडे जायचं कशाला?

आणखी एक गफलत सगळे करतात. फलकावर 'व्हुआ व्हेर्त' असेल तरच मोटारींना बंदी. 'व्हेलोरूत' म्हणजे फक्त खुणा केलेला सायकलमार्ग, तो मोटारींच्या रस्त्यावरूनही जातो. लुआर नदीकाठचा सुमारे 900 किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग सुंदर आहे, पण तो असाच मिश्र आहे. फक्त दोन दिवसच मिळाले तर बर्गंडीतली जिव्री ते क्ल्युनी ही 44 किलोमीटरची वाट घ्या. जुन्या रेल्वेमार्गावरची, 1997 ची, फ्रान्समधली पहिली व्हुआ व्हेर्त.

सायकल तिथेच भाड्याने घ्या, बोर्दोत घेऊन तुलूझला सोडता येईल असं दुकान शोधून. डब्यात भरून विमानाने नेली तर तुलूझला परतीसाठी पुन्हा डबा शोधावा लागतो. ताब्यात घेताना ब्रेक तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे तो डाव्या हाताला. सवयीने डावा दाबलात की पुढचं चाक अडतं. पहिले दोन किलोमीटर मोकळ्या जागेत सराव करा, किंवा दुकानातच केबल अदलाबदल करून घ्या.

मे महिन्याबद्दल एक राहिलं. 1 आणि 8 मे सुट्टी, आणि असेन्शनचा (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा) गुरुवारही बहुधा मेमध्येच येतो. त्या दिवसांच्या खोल्या आधी घ्या, 'आक्यॉय व्हेलो' ही खूण असलेल्या, म्हणजे सायकल ठेवायला बंद जागा मिळते. लहान गावांत दुकानं दुपारी बारा ते दोन-तीन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि सोमवारी बेकरीही बंद असू शकते. शनिवारीच दोन जेवणांचं सामान भरून ठेवा. बाटली भरायला गावच्या दफनभूमीत नळ असतो, मात्र त्यावर 'नॉं पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.